वडगाव, आषाढ, घरात तीन पोरं

शनिवार. पाऊस सकाळपासून लागून आहे.

धाकटीला महिना होऊन गेला, पण घराची घडी अजून बसलेली नाही. आमचं घर म्हणजे पुढे साडीचे यंत्रमाग आणि मागे माणसं. बेळगावच्या या वडगावात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. बाळाला मागाच्या खोलीत आणायचं नाही, त्या आवाजानं कानाला इजा होते, असं डॉक्टरांनी घरी सोडतानाच बजावलं होतं. म्हणून पाळणा पार मागं, न्हाणीजवळच्या खोलीत बांधलाय. दोन भिंतींतून गाळून आलेली खडखड तिला चालते. उलट लाईट गेली आणि माग थांबले, की दोन मिनिटांत टक्क डोळे उघडून बघते. इकडं धंदा बंद, तिकडं रडं सुरू. आज तीनदा झालं.

लंगोट वाळत नाहीत. रात्रीपुरते डायपर, दिवसभर लंगोट, असं आईनं ठरवलंय आणि आईपुढं कोण बोलणार? दोऱ्या मागाच्या खोलीत बांधल्या तर कपड्यावर तूस बसतं, स्वयंपाकघरात बांधल्या तर फोडणीचा वास. शेवटी ओलसरच काढून इस्त्री फिरवायची. ते काम माझ्याकडं आलंय. साडी विणणाऱ्याच्या हातात लंगोटाची इस्त्री!

धुरीवरून मात्र वाद झालाच. न्हाऊमाखू घातल्यावर निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून बाळाला शेकायचं, ही आईची पद्धत. बंद खोलीत निखारे नकोत, धूर तर मुळीच नको, असं दवाखान्यात सांगितलेलं. "तुम्हा चौघा भावंडांना मी अशीच शेकलीय की, काय झालं?" याला उत्तर नाही. बायकोनं परस्पर तोडगा काढला. तेलाचं मालीश आईनंच करायचं, तेही अगदी सावकाश. त्या बदल्यात शेगडी बाहेर आणि घुटीची सहाण कपाटात. सहा महिने अंगावरचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही. आई दोन दिवस गप्प होती. आता शेजारच्या अक्का आल्या की त्यांना कन्नडमधून हेच नियम स्वतःचे असल्यासारखे ऐकवते.

पण आज लिहायला बसलो ते मधल्यासाठी.

तीन वर्षांचा आहे. मेपर्यंत घरातलं शेंडेफळ तोच होता. आता पुन्हा अंथरुण ओलं करतो, हातानं जेवत नाही, "मलाबी दुपट्यात गुंडाळ" म्हणतो. परवा बाळाचं टोपडं सापडेना. सगळं घर उलथंपालथं केलं, शेवटी मागावरच्या सुताच्या कांड्यांच्या पेटीत तळाशी मिळालं. आई फटका द्यायला उठली, मी मध्ये पडलो. दिवसभर त्या पोराच्या कानावर काय पडतं हे मी आज मुद्दाम ऐकत बसलो होतो. हळू. ओरडू नको. हात लावू नको. लांब हो. एवढंच. अंगणवाडीतून कन्नड गाणं शिकून येतो, बाळाला म्हणून दाखवायला धावत जातो, तर तिथंही आमचं "श्श" आहेच.

आणि बाळ बघायला येणारी माणसं! धाकटीला झबलं आणतात, हिला डिंकाचे लाडू आणतात, आणि जाता जाता त्याचा गालगुच्चा घेऊन म्हणतात, "काय रे, संपले की आता तुझे लाड!" वर सगळे हसतात. तोही हसतो, कारण सगळे हसतायत. असली थट्टा मी आजवर पन्नास पोरांची केली असेल. आता कुणी तोंड उघडायच्या आत मीच सांगतो, की पाळण्याची दोरी ओढायचं काम याच्याकडं आहे. खरं तर तो दोरी अशी ओढतो की पाळणा भिंतीला लागायचा बाकी राहतो.

बाळाला दूध पाजायच्या वेळी बायको त्याला मुद्दाम शेजारी घेऊन बसते. दिवसातून आठ-दहा वेळा पाजायचं असतं, म्हणजे आठ-दहा वेळा त्याचं बोलणं ऐकून घ्यायला आई जाग्यावर सापडते. संध्याकाळी माग बंद केले की मी त्याला पुढं नेतो. रिकाम्या कांड्या वेचून पेटीत टाकायच्या, रंगानं वेगळ्या करायच्या. निम्म्या तो चुकीच्या पेटीत टाकतो, त्या मी रात्री परत निवडतो. अंथरुण अजून ओलं होतंच आहे. होऊ दे.

मंगळवारी इथल्या मंगाई देवीची जत्रा. खानापूर, येळ्ळूरकडची माणसं जेवायला येणार आणि बाळ हातोहात फिरणार, याची बायकोला धास्ती. पावसात निम्म्या गावाला सर्दी आहे. "आलेल्या माणसाला लेकरू दाखवायचं नाही म्हणजे काय?" आई म्हणाली. दाखवायचं, पण उंबऱ्यातून; उचलायचं असेल तर आधी साबणानं हात धुवायचे, आणि मुका कुणी घ्यायचा नाही. सांगायचं काम आईनंच अंगावर घेतलं. तिनं सांगितलं तर कुणी रुसणार नाही, मी सांगितलं तर वर्षभर ऐकावं लागेल. दीड महिन्याच्या लसी पुढच्या गुरुवारी आहेत, त्याआधी घरात खोकला नको.

मोठीबद्दल काहीच लिहिलं नाही, आणि हेच होतं सध्या. दुसरीत आहे. तायी कार्ड, म्हणजे दवाखान्याचं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड, कुठं ठेवलंय ते घरात तिला एकटीलाच माहीत. लंगोटांच्या घड्या घालते, दूध कधी पाजलं ते वहीत लिहून ठेवते. बाळ आल्यापासून तिनं काही मागितलेलं नाही. सगळे कौतुक करतात, मला मात्र ते जरा जास्तच शहाणपण वाटायला लागलंय. म्हणून आज विचारलं, जत्रेतून काय आणू? "काही नको." थोड्या वेळानं इस्त्री चालू असताना मागं येऊन उभी राहिली. हिरव्या बांगड्या पाहिजेत. आणि आकाशपाळण्यात बसायचंय, फक्त पप्पांबरोबर.

"आणि त्याला आणायचं नाही," म्हणाली.

म्हणजे मंगळवारी जत्रेच्या दोन फेऱ्या. एक त्याला घेऊन, एक हिला घेऊन. पावसानं उघडीप दिली तर.