सातवी सही माझी

जर्मनीत संस्था काढणं म्हणजे काय प्रकरण असतं ते मला यावर्षी कळलं, कारण आमच्या वरच्या मजल्यावरच्या मॅडमनी ऑनलाइन इन्स्टिट्यूट काढायचं ठरवलं, ब्रिटिश आणि अमेरिकन स्टडीजचं, त्यासाठी सात माणसं हवी होती आणि सहाच जमली होती. मी पडले आयटीवाली, पण चालेल म्हणाल्या.

एवढी शिकलेली बाई युनिव्हर्सिटी सोडून घरून का शिकवते, ते आधी सांगते. इथे २००७ चा कायदा आहे, टेम्पररी काँट्रॅक्टवर पीएचडीच्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं, बास (मेडिकलवाल्यांना थोडं जास्त). लोकांना जन्मभर टेम्पररी ठेवू नये हा हेतू, पण पर्मनंट जागा मूठभर, त्यामुळे बारा वर्षं झाली की भलेभले बाहेर. सरकारने हान्ना नावाच्या काल्पनिक संशोधिकेचा व्हिडिओ काढून कायदा समजावायला घेतला तर २०२१ मध्ये हजारो जणांनी ट्विटरवर 'मीच ती हान्ना' म्हणून आपापल्या कहाण्या लिहिल्या. आमच्या मॅडम त्यातल्याच.

बर्लिनमध्ये अमेरिकेच्या अभ्यासाचा विषय काही नवा नाही. एर्न्स्ट फ्रेंकेल नावाचे ज्यू वकील १९३८ मध्ये नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेले, युद्धानंतर परत आले आणि १९६३ मध्ये इथल्या फ्री युनिव्हर्सिटीत अमेरिकेच्या अभ्यासाची संस्था उभी केली, तिला पुढे केनेडींचं नाव मिळालं. बर्लिनच्या दालेम भागात आहे, लायब्ररी बघण्यासारखी. पण फ्रेंकेलच्या पाठीशी अख्खी युनिव्हर्सिटी होती, आमच्या मॅडमकडे लॅपटॉप आणि एक बरा माइक.

वेबसाइट दोन संध्याकाळीत झाली, खरं काम कागदांचं. 'फेराइन' म्हणजे सभासदांची संस्था रजिस्टर करायला सात सभासदांच्या सह्या लागतात, आणि गंमत म्हणजे आपल्याकडच्या १८६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन अ‍ॅक्टमध्ये पण सातच! बाबांनी गावात वाचनालयाची संस्था नोंदवली होती तेव्हा धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात मारलेले हेलपाटे मी ऐकून आहे, त्यामुळे फोनवर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो "संस्थेची घटना कोणी लिहिली?"

घटना मॅडमनी लिहिलेली, आणि तिच्यावर त्यांच्या किचनमध्ये आम्ही सात जण कॉफी आणि केक घेऊन तीन तास बसलो. उद्देशाचं कलम पाच मिनिटात पास. वाद कशावर, तर संस्था बंद पडली तर पैसे कोणाला जाणार! टॅक्समाफी हवी असेल तर ते आधीच लिहावं लागतं, म्हणजे बारशाच्या दिवशीच मृत्युपत्र. एका रिटायर्ड मास्तरांना पैसे लायब्ररीला द्यायचे होते, दुसऱ्या बाईंना शाळेला, शेवटी लायब्ररी जिंकली, खात्यात तेव्हा शून्य युरो. नावातलं 'इन्स्टिट्यूट' पण गेलं, कारण लोकांना युनिव्हर्सिटीचा विभाग वाटू शकतो म्हणून इथली कोर्टं त्या शब्दावर आक्षेप घेतात. मग साधं अभ्यासमंडळ. मॅडम जरा खट्टू झाल्या, मला विचाराल तर तेच जास्त खरं वाटतं. मग नोटरीसमोर सही, मग कोर्टाचं रजिस्टर, मग टॅक्स ऑफिस.

फीचा मुद्दा निघाला तेव्हा अजून एक कायदा समोर आला. लांबून शिकवायचं, परीक्षा किंवा गृहपाठ तपासायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे असं तिन्ही असेल तर कोलोनच्या सरकारी ऑफिसची परवानगी लागते, नसेल तर विद्यार्थ्याशी केलेला करारच रद्दबातल. कायदा १९७७ पासूनचा, पोस्टाने धडे यायचे त्या काळातला, आणि २०२५ मध्ये इथल्या सर्वोच्च कोर्टाने तो ऑनलाइन कोचिंगला चांगलाच लागू केला. मॅडमनी डोकं लावलं, लेक्चर फुकट ठेवली, देणगी ऐच्छिक. ३०० युरोपर्यंतच्या देणगीला बँकेचा कागद आणि संस्थेची साधी माहितीची चिठ्ठी टॅक्सला चालते, रीतसर देणगीपावती नको. पगार म्हणून काही हातात येत नाही अर्थात, त्यासाठी त्या अजून भाषांतरं करतात, आणि हे मला काही बरोबर वाटत नाही.

विषय ठरवताना मी तोंड उघडलं. यादीत चर्चिल होते, रूझवेल्ट होते, म्हटलं न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकलेला, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डीएस्सी घेतलेला, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेला आणि मध्येच १९२१ मध्ये तुमच्या बॉन युनिव्हर्सिटीत नाव घातलेला माणूस तुमच्या यादीत कसा नाही? दोन्ही देशांच्या विचारांचा असा जिवंत अभ्यासक दुसरा दाखवा. मॅडमना बाबासाहेबांचं राज्यघटनेचं काम माहीत होतं, बॉनचं नव्हतं. कोलंबियात ते तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले, लंडनमध्ये रुपयावरचा प्रबंध अर्थशास्त्रज्ञ एडविन कॅनन यांच्या हाताखाली लिहिला, हे सांगेपर्यंत त्यांनी वही काढली होती.

तर बाबासाहेबांवरचं लेक्चर सप्टेंबरात आहे, इंग्लिशमध्ये, इथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. बाबांना लिंक पाठवली, म्हणाले जेवून बसतो, पण त्या बाईंना सांग रुपयाच्या प्रश्नावर नीट वेळ द्या, नुसतं राज्यघटनेवर उरकू नका.