घरट्यातली दुसरी मादी

ब्लूगिल माशांची वीण सुरू झाली की आमच्या जेवणाच्या वेळा कोलमडतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ओपिनिकॉन नावाचा तलाव आहे. त्याच्या उथळ काठाशी नर शेपटीने तळ झाडून गोल खड्डे करतात, एकाला एक खेटून. मादी येते, कुशीवर कलते, थोडी अंडी सोडते, पुन्हा कलते. त्या सकाळी मी स्नॉर्कल लावून पालथी तरंगत होते आणि प्रत्येक कलण्याला प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने एक रेघ ओढत होते.

खालचा नर वीतभर लांब. असे नर सातव्या वर्षाच्या सुमारास वयात येतात. तोवर नुसतं खायचं आणि वाढायचं. शेजारच्या पाणगवतात बोटाएवढे दोन नर टपलेले. हे जेमतेम दोन वर्षांचे. मादी कलली रे कलली की आत घुसायचं, शुक्रद्रव सोडायचं आणि पसार व्हायचं. घरधनी त्यांच्यामागे धावून दमला होता.

तेवढ्यात वरून आणखी एक मादी सावकाश उतरली. अंगावर तसेच गडद पट्टे. नराने तिला हुसकलं नाही, खुशाल फिरू दिलं. ती थेट तो नर आणि पहिली मादी यांच्या मधे शिरली. पहिली कलली, तशी हीही कलली. मी बोटीतल्या सहकाऱ्याकडे जाळी मागितली.

बोटीत पोट अलगद दाबलं, तर अंड्यांऐवजी पांढरं शुक्रद्रव आलं! संशोधक मार्ट ग्रॉस यांनी १९८२ साली असे नर नोंदवलेत, ते वाचलेलं होतं. तरी हातात धरल्यावर हसू आवरेना.

खवल्यावरची वर्तुळं मोजली, वय चार भरलं. लहानपणी गवतात दडणारे हेच नर मादीएवढे झाले की तिचं सोंग घेतात. स्वतःचं घरटं ते कधीच करत नाहीत. या तलावात साधारण पाचातला एक नर या वाटेने जातो. सहकारी त्यांना चोर म्हणतो. मला पटत नाही. घरटं करण्याइतकं वाढायला सात वर्षं मोठ्या माशांच्या तोंडातून वाचायचं, हा जुगार काय कमी आहे?

अंड्यांना वारा घालणं, राखण करणं सगळं त्या मोठ्या नराकडेच. पण आसपास चोरटे दिसले तर तो राखण ढिली करतो आणि पिल्लं फुटल्यावर वासावरून आपली-परकी ताडतो, असं संशोधक ब्रायन नेफ यांनी दाखवलंय. म्हणून त्या घरट्यापाशी क्रमांकाची फरशी ठेवली. पिल्लं फुटेपर्यंत तिथे रोज उतरायचं ठरलंय.