लेकसाइडचा अंतिम सामना आणि त्याआधीची हायडलबर्गची वाट

४ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलबर्नच्या लेकसाइड स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलिया कप या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना पाहण्याचा योग आला. एका बाजूला ए-लीग या तिथल्या सर्वोच्च लीगमधील न्यूकॅसल जेट्स हा व्यावसायिक संघ होता, तर दुसऱ्या बाजूला ग्रीक स्थलांतरितांनी १९५८ मध्ये स्थापन केलेला हायडलबर्ग युनायटेड. ए-लीगबाहेरच्या क्लबने अंतिम फेरी गाठण्याची ही दुसरीच वेळ. २०२२ मध्ये क्रोएशियन मंडळींनी उभा केलेला सिडनी युनायटेड ५८ तिथवर पोहोचला होता आणि ए-लीगच्या मकार्थर संघाकडून ०-२ असा हरला होता.

या सामन्याचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७७ ते २००४ या काळातील राष्ट्रीय लीगमध्ये ग्रीक, इटालियन आणि क्रोएशियन वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या क्लबांचा दबदबा होता. लेकसाइडवर खेळणाऱ्या साउथ मेलबर्नने तर चार विजेतेपदे मिळवली आणि काही काळ हंगेरीचे महान फुटबॉलपटू फेरेंक पुश्काश यांच्यासारखा प्रशिक्षक त्यांना लाभला. २००५ मध्ये ए-लीग नव्या रचनेनिशी सुरू झाली आणि हे जुने क्लब राज्य पातळीवर राहिले, जिथून वर चढण्याची सोयच नाही. २०१४ मध्ये एफएफए कप (एफएफए म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय फुटबॉल संघटना) या नावाने ही बाद पद्धतीची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ए-लीगच्या संघांशी भिडण्याचे दार त्यांना उघडले. त्याच वर्षी नव्या क्लबांच्या नावांत आणि चिन्हांत वांशिक ओळख आणण्यास मनाई करणारे धोरण आले आणि ते २०१९ मध्ये मागे घेतले गेले. ज्यांनी हा खेळ त्या देशात रुजवला, त्यांनाच आपली ओळख झाकायला सांगणे मला आजही अन्यायाचे वाटते.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी मेलबर्नच्याच हायडलबर्ग वेस्ट या उपनगरातील ऑलिंपिक व्हिलेजचे, म्हणजे हायडलबर्ग युनायटेडचे मैदान पाहून आलो. १९५६ च्या ऑलिंपिकमधील खेळाडूंसाठी बांधलेल्या घरांची ही वसाहत असून, तिच्या साध्यासुध्या गल्ल्यांतून चालत गेले की मैदान लागते. अंतिम सामना मात्र साउथ मेलबर्न या दुसऱ्या ग्रीक क्लबच्या, म्हणजे जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात होता. माझ्या शेजारी पिवळ्या-काळ्या मफलरमधील एक आजोबा भोपळ्याच्या भाजलेल्या बिया दातांनी सोलत बसले होते आणि चेंडू पेनल्टी बॉक्सजवळ आला की त्यांची मूठ तशीच हवेत थांबत असे. जादा वेळेत न्यूकॅसलने ३-१ असा विजय मिळवला. आजोबांनी उरलेल्या बिया माझ्या हातावर ठेवल्या आणि ते टाळ्या वाजवण्यासाठी उठले.

पुढे जाणाऱ्यांसाठी काही सूचना. लेकसाइडला ९६ क्रमांकाची ट्राम सोयीची आहे. शहराच्या मध्यभागातील मोफत ट्रामचा पट्टा तिथपर्यंत पोहोचत नसल्याने मायकी या प्रवासकार्डावर पैसे भरून ठेवावेत. मैदानाभोवती धावपट्टी असल्यामुळे खेळ लांबून दिसतो, म्हणून मुख्य स्टँडमधीलच तिकीट घ्यावे. शक्य असेल तर अंतिम सामन्याऐवजी जुलै-ऑगस्टमधील ३२ संघांची फेरी गाठावी, कारण तेव्हा ए-लीगचा संघ बहुधा या क्लबांच्या लहान मैदानावर येतो आणि प्रेक्षक रेलिंगला टेकून सामना पाहतात. कोण कुठे खेळणार हे सोडतीनंतरच ठरत असल्याने एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचे बेत आधी पक्के करू नयेत. तिथे तेव्हा हिवाळा असतो, त्यामुळे जाड जाकीट हवेच. आणि जेवून जाऊ नये, कारण ग्रीक क्लबात सुवलाकी (सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे) आणि क्रोएशियन क्लबात चेवापी (खिम्याचे लांबट कबाब) निखाऱ्यावरून थेट पावात मिळतात.