हरभऱ्याएवढं

आमच्या घरात सध्या दाढीच्या क्रीमवरून वाद चालू आहे. पक्ष दोन, मी आणि चिरंजीव. बायको तटस्थ आहे, म्हणजे दोघांनाही सारखीच बोलते.

चिरंजीव ट्यूब पिळतात ती टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखी. ब्रशच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक जाड लाट, आणि शेवटी वर वळलेली शेंडी. मी घेतो भिजलेल्या हरभऱ्याएवढं. निदान मी तसं सांगत आलो होतो. त्याच्या मते हा चिक्कूपणा आहे आणि त्याचं मूळ शनिवार पेठेत आहे. दुसरा मुद्दा खरा आहे, म्हणून मी पहिल्यावरच भांडतो.

भडका उडाला तो एका संपलेल्या ट्यूबवरून. म्हणजे त्याच्या मते संपलेल्या. मी ती कचऱ्याच्या डब्यातून काढली, ओट्यावर आडवी ठेवली आणि खालून वर लाटायला घेतली. बायकोनं लाटणं हातातून काढून घेतलं, तेव्हा उरलेलं काम टूथब्रशच्या दांड्यानं केलं. पूर्वीच्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबा बऱ्या होत्या, गुंडाळली की गुंडाळलेली राहायची. आताची पुन्हा फुगते आणि भरल्यासारखी दिसते, त्यामुळे पोटात किती उरलंय ते कळत नाही. शेवटी कात्रीनं मधोमध कापली. नऊ दिवस गेले तिच्यावर. नवव्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, आता ती कोरडी झाल्ये, तिला शांतपणे जाऊ द्या."

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडे गोदरेजची गोल वडी असायची. वडीला 'किती' विचारावं लागत नाही. ओला ब्रश वर फिरवायचा, त्याला लागेल तेवढं तो उचलतो. किती घ्यायचं ही चिंता ट्यूबबरोबर आली.

वाड्यात खिडकीच्या गजाला आरसा अडकवलेला, खाली पाटावर अण्णा, आणि समोर पितळेच्या वाटीत बंबातलं कढत पाणी. या वाटीला घरात मान होता. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमच्या तळमजल्याच्या खोल्यांत पाणी आणि मग चिखल शिरला. बरंच काही गेलं. वाटी चिखलात सापडली, चिंचेनं घासली आणि पुन्हा दाढीला लागली. माझा जन्म त्यानंतरचा, पण ही हकिकत इतक्यांदा ऐकलीये की तो चिखल मीच उपसला असं मला अधूनमधून वाटतं.

अण्णांचं वेळापत्रक रेडिओवर चालायचं. 6:55 ला दिल्लीहून संस्कृत बातम्या लागल्या की ब्रश वाटीत. 'प्रवाचकः बलदेवानन्दसागरः' हे शब्द आम्ही भावंडं अंथरुणातून त्यांच्याबरोबर म्हणायचो, त्यापुढचं एक अक्षर कळायचं नाही. तोवर अण्णांच्या गालावर पहिला हात फिरलेला असे. फेस सुकत आला की वाटीतलं थोडं पाणी, पुन्हा ब्रश. 7:05 ला पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की मगच रेझर हातात. दहा मिनिटं नुसती घोळवाघोळव! आम्हाला तो वेळकाढूपणा वाटायचा. नंतर कधीतरी वाचलं की दाढीचा केस तारेसारखा चिवट असतो, पण पाणी प्यायला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं तरी द्यावी लागतात. अण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त बातम्या सोडायच्या नव्हत्या.

मला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी घरात ट्यूब आणली. अण्णांनी टोपण उघडून वास घेतला, बोटावर किंचित काढलं आणि म्हणाले, "एवढं पुरे." ते हरभऱ्याएवढं होतं. त्यावर मी आयुष्य काढलं.

आता मुलाकडे कॉफीचा काटा आहे. बावीस हजार पावलं चालून आलेल्या माणसासारखा चेहरा करून तो रोज सकाळी अठरा ग्रॅम बिया मोजतो. एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवतो तो काटा. वाद मिटवायचा म्हणून त्यानंच कल्पना काढली: ट्यूब आधी ठेवायची, क्रीम काढायचं, पुन्हा ठेवायची. त्याची लाट 2.4 ग्रॅम भरली. मी मोठ्या आत्मविश्वासानं माझा हरभरा काढला.

1.9.

काटा बिघडलाय का ते पाहण्यासाठी आम्ही त्याच्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलं, मग पाच रुपयांचं. काटा ठीक होता. बायको पोळ्या करत होती, ती वळलीसुद्धा नाही. नुसती म्हणाली, "काबुली असेल."

हिशेब सरळ आहे. सत्तर ग्रॅमची ट्यूब त्याच्या हातानं एकोणतीस दाढ्या, माझ्या हातानं छत्तीस-सदतीस. म्हणजे ज्या शनिवार पेठी बाण्यावर मी इतकं भांडलो, तो आठवडाभराचा निघाला. माझा हात कधी सैल झाला? हरभऱ्याचा शेंगदाणा झाला, शेंगदाण्याचा बदाम, आणि मी रोज तोच आकडा सांगत राहिलो. आठवून पाहिलं तर नव्या घरी आल्यापासून फेस येतच नव्हता. येतो म्हणजे पहिल्या मिनिटाला येतो, पांढरा, मोठ्या बुडबुड्यांचा, आणि कल्ल्यापासून हनुवटीपर्यंत जाईस्तोवर बसतो. मग आणखी थोडं क्रीम. मी कंपन्यांना नावं ठेवत होतो, ब्रशला ठेवत होतो. दोन ब्रश बदलले.

उलगडा झाला तो सलूनमध्ये. आम्ही कात्रजच्या पलीकडे राहायला गेलो तरी केस कापायला मी पेठेतच जातो. (पुणेकर घर बदलतो, न्हावी आणि चक्कीवाला सहसा बदलत नाही.) सलूनच्या मालकांना मी काका म्हणतो, ते मला साहेब म्हणतात, वयानं आम्ही बरोबरीचे. केस झाल्यावर म्हटलं, आज दाढीही करा, आणि पाहत राहिलो.

ब्रश आधीपासूनच पाण्यात होता. त्यांनी तो तीनदा झटकला. माझा गाल ओल्या हातानं दोनदा चोळला. क्रीम काढलं ते शेंगदाण्याएवढंही नसेल, तेही गालावर नाही, ब्रशच्या मधोमध. मग सुरुवात कानाखालून, लहान गोल. सुरुवातीला फेस कोरडा होता, घट्ट चक्क्यासारखा. त्यांनी ब्रशची नुसती टोकं पाण्याला लावली. पुन्हा गोल. पुन्हा टोकं. तिसऱ्या वेळेला तो चक्का आरशात माझ्या डोळ्यांदेखत श्रीखंड झाला: बुडबुडे दिसेनासे झाले, वर चकाकी आली, आणि ब्रश उचलला की मागे लहानसं टोक उभं राहून हळूच वाकायचं. यापुढे आणखी पाणी घातलं तर मठ्ठा होऊन गळ्यावर ओघळतो, हे मी स्वतः घरी अनेकदा सिद्ध केलेलं आहे. आणि क्रीम भरमसाट, पाणी कमी असं झालं तर पाती लिंपून निघतात. केसाला भिजवतं ते पाणी. साबणाचं काम त्या पाण्याला गालावर धरून ठेवायचं.

"काका, क्रीम किती घेता?"

त्यांनी हातातल्या ट्यूबकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच दिसली. "बघितलं नाही कधी," म्हणाले. मग नवं पातं कागदासकट मधोमध मोडलं, अर्धं वस्तऱ्यात सरकवलं आणि विचारलं, "का हो? घरी होत नाही का फेस?"

"नाही होत."

"बोअरचं पाणी?"

"टँकरचं."

"एकच ते." ते हसले. "माझ्याकडंही तेच की, फुरसुंगीला. मी घरी दाढी करतच नाही. इथं येऊन करतो."

रिक्षात मला शाळेचं विज्ञानाचं पुस्तक आठवलं. आम्हाला मराठीतून होतं, आणि त्यात पाण्याचे दोन प्रकार होते: सुफेन आणि दुष्फेन. मुलगा इंग्रजी माध्यमातला, त्याच्यासाठी दुष्फेन म्हणजे हार्ड वॉटर. बायकोसाठी जड पाणी, ज्यात डाळ शिजत नाही. पण फेन म्हणजे फेस. सगळी भानगड त्या शब्दातच लिहून ठेवलेली होती आणि मी ती दोन मार्कांसाठी पाठ करून विसरलो होतो. दाढीचं क्रीम म्हणजे साबणच, फक्त त्यात सोडियमऐवजी पोटॅशियमचा क्षार जास्त, म्हणून ते वडीसारखं कडक न होता मऊ राहतं. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. ते साबणाला आधी गाठतं, त्याची चिकट पांढरी साय करतं, आणि त्यातून जो साबण वाचेल त्याचा फेस. बेसिनच्या कडेला जी पांढरट रेघ घासून निघत नाही, त्यात माझं क्रीम होतं. 1.9 ग्रॅममधलं किती गालाला आणि किती बेसिनला, देव जाणे.

आमच्या सोसायटीत टीडीएसचं मीटर घेऊन फिरणारे दोन गृहस्थ आहेत, पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, त्यात मीठही आलं. फेस मारणारा कठीणपणा वेगळा मोजावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आमच्या टँकरच्या पाण्याचा अहवाल एकदा सूचनाफलकावर लागला होता. आकडा 200 च्या दुपटीहून वर होता. दुसऱ्या दिवशी तो कागद गेला आणि तिथे गरब्याची सूचना आली.

पेठेतलं पाणी खडकवासला धरणाचं, आणि त्याच्या वरच्या अंगाला पानशेत. म्हणजे त्यात पानशेतचंही आलंच. एकदा न विचारता घरात शिरलं होतं, त्याचंच अण्णा पुढे रोज वाटीभर घेत होते.

मग मी प्रयोग केला. स्वयंपाकघरातल्या आरओच्या, म्हणजे पाण्यातले क्षार गाळणाऱ्या मशीनच्या, नळाखाली वाटी धरली. होय, तीच पितळेची.

"प्यायचं पाणी दाढीला?" बायको म्हणाली.

"वाटीभरच."

"आणि ते मशीन एका वाटीमागे दोन वाट्या फेकून देतं, त्याचं काय?"

फेकलेल्या पाण्यानं मी कुंड्या आणि फरशी करीन, असा तह झाला. वाटी मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, म्हणून गॅसवर धरली. तोंड टँकरच्याच पाण्यानं धुतलं, ब्रश मात्र वाटीत. क्रीम काट्यावर मोजून 0.6, अण्णांच्या बोटावरचा खरा हरभरा. आणि फेस असा आला की मी कानाच्या पाळ्यांपर्यंत लावला, मानेवर लावला, तरी ब्रशमध्ये उरला. मुलाला हाक मारून दाखवला. त्यानं मान डोलावली, "चांगलाय" म्हणाला आणि त्याच्या अठरा ग्रॅमांकडे गेला. एवढ्या शोधाला एवढीच दाद.

मधे श्रावण आला. मी श्रावण पाळतो, म्हणजे दाढी तरी करत नाही. ट्यूब कपाटात पडून होती. गणपतीच्या आदल्या दिवशी महिन्याचं जंगल साफ केलं, त्याला 0.9 लागले. त्या दिवशी काट्यावरचा आकडा मी मार्करनं ट्यूबच्या पाठीवर लिहून ठेवला: 52.4. आता दर वेळी लिहितो. सवय म्हणून.

परवा सकाळी बेसिनवर वाटी ओली दिसली. माझी दाढी व्हायची होती. ट्यूबवर शेवटचा आकडा 49.4 होता. काट्यावर ठेवली, तर 48.3.

मी काही बोललो नाही. वाटी घेऊन पुन्हा आरओच्या नळाशी गेलो.