एकट्याचा लोंढा

दोन सेकंद आणि सात फ्रेम. या एवढ्याशा जागेवर मी अख्खा गुरुवार घालवला, आणि काम देऊन महिना झाला तरी ती जागा डोक्यातून जात नाही.

मी जपानीवरून सबटायटल्स करते. या वेळी आलं होतं जपानी प्रो-रेसलिंग, सत्तर-ऐंशीच्या दशकांतली जुनी प्रक्षेपणं. बहुतेक जण इंग्रजी टेम्प्लेटवरूनच, म्हणजे वेळा लावून आलेल्या तयार इंग्रजी ओळींवरूनच उरकतात, जपानी ऐकतही नाहीत. दर बघता त्यांना तरी काय बोलणार! पण समालोचक इचिरो फुरुताची असेल तर ऐकावंच लागतं. टीव्ही असाहीवर शुक्रवारी रात्री आठला हा माणूस नुसता बरसायचा. स्टॅन हॅन्सन या अमेरिकन रेसलरला त्याने नाव दिलं ‘ब्रेक निकामी झालेला डंपर’. हे मराठीत आपसूक उतरलं. पुण्याच्या नवले पुलावर ब्रेक निकामी झालेले ट्रक नेहमीचेच, तिथून रोज जाणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आंद्रे द जायंट हा महाकाय फ्रेंच रेसलर म्हणजे ‘मानवी पर्वतरांग’. तेही जमलं.

मग आंद्रे सर्वांत वरच्या दोरावरून, कुंपण ओलांडावं तसा, रिंगमध्ये पाय टाकतो आणि फुरुताची ओरडतो, ‘हितोरी मिन्झोकु दाईइदो!’

‘मिन्झोकु दाईइदो’ हा जपानी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला शब्द. चौथ्या शतकात जर्मानिक टोळ्या रोमन साम्राज्यात घुसल्या, ते महास्थलांतर. त्याच्या आधी ‘हितोरी’, म्हणजे एकट्याने. हा एकटा चालला तरी अख्खी जमात हलल्यासारखी वाटते!

‘एकट्याचं महास्थलांतर’ लिहिलं. शासन निर्णयासारखं वाटलं, खोडलं. ‘एकटाच, पण अख्खी वारी’ सुचलं तेव्हा स्वतःवर खूश झाले. रिव्ह्यूअरचा शेरा आला, धार्मिक संदर्भ टाळा. ‘एकट्याचा तांडा’ पाठवलं तर समाजवाचक ठरलं. ‘एकट्याचा लोंढा’ माझ्या मते बरोब्बर होतं, पण लोंढे म्हटलं की परप्रांतीय आठवतात म्हणे, म्हणून राजकीय. या रिव्ह्यूअर मंडळींना कशाची भीती वाटत नाही ते एकदा लेखी द्या.

त्यात ओळीला मर्यादा 42 अक्षरांची. सॉफ्टवेअर काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतं. ‘कुस्ती’ डोळ्यांना दोन अक्षरं, यंत्राला सहा. इंग्रजीसाठी शिवलेला सदरा आपल्याला घालायचा आणि वर बटण तुटलं तर दोष आपलाच.

शिवाय सूचना होती की डावांना ‘देशी कुस्तीचे चटकदार शब्द’ वापरा. 23 सप्टेंबर 1981, तोक्योचं डेनएन कोलिझियम, हॅन्सन आंद्रेला उचलून आपटतो ती प्रसिद्ध लढत. इथे टेम्प्लेट करणाऱ्याने धोबीपछाड सुचवला होता. मी फोनवर क्लिप मामांना दाखवली. कोल्हापूरच्या तालमीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

“ह्याला धोबीपछाड कोन म्हनलं?” मामा भडकले. “धोबीपछाडला हात धरून खांद्यावरनं घ्यायचा असतोय. हे पोतं टाकलंय. पर गडी ताकदीचा हाय, ते कबूल.”

‘उचलून आपटला!’ असंच ठेवलं. रिव्ह्यूअरने तिथे लिहिलं, फिकं वाटतं. मी उत्तर दिलं नाही.

आंद्रेच्या त्या ओळीला शेवटी रात्री साडेअकराला ‘एकटाच, पण जमाव!’ असं लिहून फाइल पाठवली. तीन शब्द. पास झालं, कुणी काही बोललं नाही. रोम गेलं, टोळ्या गेल्या.

परवा मामांकडे गेले होते, तेव्हा तो भाग लावला. आंद्रे दोरावरून आत आला, फुरुताची किंचाळला. मामांनी चष्मा वर सरकवून पडद्याखालची ओळ वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

“का गं, ह्यो एवढा बोंबलतोय, आन् खाली इतकंच?”