आई लोणी काढायला घुसळते, मी ते निघू नये म्हणून

तर माझं पहिलं क्रीम फुटलं. रात्री इतकं मस्त पांढरंशुभ्र झालेलं की घरच्या ग्रुपवर फोटो टाकून मोकळी झाले, आणि सकाळी बघते तर डबीत खाली पाणी, वर तेलाचा पिवळट थर. खोबरेल, बाल्कनीतल्या कोरफडीचा गर आणि मधमाशांचं मेण एवढंच घातलेलं, कारण व्हिडिओवाले सांगतात मेण घातलं की घट्ट होतं. घट्ट होतं हो, पण नुसतं मेण तेल-पाणी एकत्र धरून ठेवत नाही, त्याला इमल्सिफायर लागतो. जुन्या पद्धतीच्या कोल्ड क्रीममध्ये मेणासोबत बोरॅक्स असायचा तो उगाच नाही, मेणातल्या आम्लांशी मिळून त्याचा साबण होतो आणि तो दोघांना बांधतो.

आई डबी बघून म्हणाली, लोणी काढत होतीस का गं? गंमतीत म्हणाली पण अगदी बरोबर बोलली. साय म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धाचे बारीक थेंब, घुसळलं की ते एकमेकांना चिकटतात आणि गोळा वर येतो. मला नेमकं उलटं हवंय.

मग इमल्सिफाइंग वॅक्स मागवलं, म्हणजे सिटिअरिल अल्कोहोल आणि पॉलिसॉर्बेट ६० चं मिश्रण, नाव मोठं, दिसायला मेणबत्तीचे तुकडे. साधारण तेलाकडच्या सगळ्या वजनाच्या पाव भाग हे लागतं. माझं १०० ग्रॅमचं आता ठरलेलं माप: डिस्टिल्ड वॉटर ७०, ग्लिसरीन ४, तिळाचं तेल १४, कोकमाचं तेल ५ (गावाहून आलेला तो पांढरा गोळा, भेगांना लावतो तोच), वॅक्स ६, आणि प्रिझर्व्हेटिव्ह १. सगळं काट्यावर, चमच्याने अजिबात नाही, एक चमचा वॅक्स कधी ३ ग्रॅम भरतं कधी ५.

तेल-वॅक्स एका भांड्यात, पाणी-ग्लिसरीन दुसऱ्यात, दोन्ही ७०-७५ अंशांपर्यंत तापवायची. एकदा पाणी कोमटच राहिलं तर वॅक्स ओतल्या ओतल्या थिजलं आणि रव्याच्या खिरीसारखं झालं, ते फेकलं. हँड ब्लेंडर दोनतीन मिनिटं थांबत थांबत, मग गार होईपर्यंत अधूनमधून ढवळत राहायचं, हा सगळ्यात कंटाळवाणा भाग.

आणि प्रिझर्व्हेटिव्हवरून माझ्याशी वाद घालायला येऊ नका प्लीज. "नॅचरल" म्हणून मीही एक बॅच त्याच्याशिवाय केलेली, व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून घातल्या, १२व्या दिवशी झाकणाच्या कडेला करडे-हिरवे ठिपके. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, बुरशीचं त्याला काही पडलेलं नसतं. पाणी आलं की बुरशी आणि बॅक्टेरिया येणारच, आणि ठिपके दिसायच्या आधीपासून ते तिथे असतात. मी फिनॉक्सीइथेनॉलवालं वापरते, क्रीम ४० अंशांच्या खाली आल्यावर. नकोच असेल तर पाणी टाळा, नुसतं तेल आणि मेणाचं बाम करा, छान होतं.

खोबरेल मात्र मी काढून टाकलं. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं-वितळतं, त्यामुळे पुण्यात डिसेंबरात क्रीम दगड आणि मे महिन्यात पातळ, एकाच डबीत दोन ऋतू.

आता प्रत्येक बॅचची एक बाटली फ्रिजमध्ये आणि एक स्कूटीच्या डिकीत ठेवते, उन्हात तापायला आणि खड्ड्यांतून हलायला. मागच्या बॅचची बाटली तीन आठवडे झाले तरी फुटली नाहीये. आईला दिली, तिने हाताला लावली, चांगली आहे म्हणाली, आणि रात्री टाचांना परत कोकमाचा गोळाच घासत बसली.