बल्कलीच्या काठावर: शरदातल्या स्टीलहेडसाठी फ्लाय निवडताना

व्हँकुव्हरहून विमानानं स्मिदर्सला उतरा किंवा साडेअकराशे किलोमीटर गाडी चालवत या, बल्कली नदीची पहिली भेट हायवे १६ वरूनच होते. ब्रिटिश कोलंबियाचा हा वायव्य कोपरा. सप्टेंबर संपता संपता काठावरचे कॉटनवुड आणि अ‍ॅस्पेन पिवळेधमक होतात, हडसन बे डोंगराच्या माथ्यावर नवं बर्फ दिसू लागतं, आणि पुलांपाशी टपावर लांबलचक रॉड बांधलेल्या गाड्या उभ्या राहतात. बहुतेक जण आलेले असतात ते एकाच माशासाठी.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन, तिथे मोठा होऊन नदीत परतलेला रेनबो ट्राउट. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याच्या पाण्याला चढणीचे मासे लागतात, तसा हाही चढणीचाच. पण आपले मासे चढून लगेच अंडी घालतात. हा उन्हाळ्यात स्कीना नदीच्या मुखातून आत शिरतो, बल्कलीत येतो आणि अंडी घालतो थेट पुढच्या वसंतात. मधले कित्येक महिने तो नदीत राहतो, पण पोटासाठी फारसं काही खात नाही. फ्लाय, म्हणजे हुकावर पिसं-केस बांधून केलेला नकली किडा, निवडण्याचं सगळं गणित इथूनच सुरू होतं. भूक नसलेल्या माशापुढे अमुकच किड्याची हुबेहूब नक्कल धरून काही साधत नाही. दोनच गोष्टी बघायच्या: फ्लाय त्याला दिसते का, आणि तिच्यापर्यंत उठून येण्याइतका त्याच्या अंगात जोर आहे का. पहिली ठरते पाण्याच्या गढूळपणावर आणि उजेडावर, दुसरी पाण्याच्या तापमानावर.

म्हणून डबा उघडण्याआधी थर्मामीटर काढायचा. गुडघाभर वाहत्या पाण्यात, सावलीत, दोन मिनिटं धरायचा. काठाच्या साचलेल्या पाण्यात धरला तर दुपारी तो दोन-तीन अंशांनी फसवतो. मग त्याच पाण्यात उभं राहून खाली बघायचं. कमरेपर्यंतच्या पाण्यात बुटाचे टोक स्पष्ट दिसलं तर नदी स्वच्छ. गुडघ्याखालचं दिसेनासं झालं तर गढूळ. घोट्यापलीकडे काहीच दिसत नसेल तर फ्लाय बदलत बसू नका, जागा बदला. इथे ते सोपं आहे: स्मिदर्सपासून पंधरा किलोमीटरवरच्या टेलक्वा गावात टेलक्वा नदी बल्कलीला मिळते. डोंगरात पाऊस झाला की ती राखाडी गाळ घेऊन येते आणि संगमाखालची बल्कली बिघडते. संगमाच्या वरच्या अंगाला पाणी तेव्हाही बहुधा चांगलं असतं. रात्री पाऊस पडला असेल तर आम्ही सकाळी सरळ टेलक्वाच्या वर, ह्यूस्टन गावाच्या दिशेनं गाडी घालतो.

सप्टेंबरात पाणी आठ अंशांच्या वर असेल आणि स्वच्छ असेल, तर सुरुवात पृष्ठभागावरच्या फ्लायनं करावी. बल्कलीची ख्याती याचसाठी आहे. हरणाच्या पोकळ केसांची बाँबर, किंवा फोमची पाठ असलेली, इथलीच बल्कली माऊस, ४ ते ६ नंबरच्या हुकावर (नंबर जितका मोठा, तितका हुक लहान). पलीकडच्या काठाच्या दिशेला, पण ओघाच्या खालच्या बाजूला साधारण ४५ अंशांत फेकायची, रॉडचे टोक उंच धरायचं आणि दोरी ताणलेली ठेवून फ्लायला पाण्यावर रेघ ओढत अलीकडे येऊ द्यायचं. मागे होडीच्या लाटेसारखी व्ही उमटली की वेग बरोबर. फ्लाय अधूनमधून बुडत असेल तर तीन कारणं बघा: केस पाण्यानं भिजलेत, रॉड खाली आला आहे, किंवा त्या जागी ओघ फारच मंद आहे. तिसऱ्या कारणावर इलाज म्हणजे फ्लायच्या डोक्यामागे टिपेटची, म्हणजे फ्लायला बांधलेल्या शेवटच्या बारीक धाग्याची, एक अर्धी गाठ घालणं. त्यानं फ्लाय तिरकी ओढली जाते आणि वर राहते.

मासा उसळला पण हुकात अडकला नाही, तर हात शिवशिवतात. रॉड झटकू नका. पायही हलवू नका, दोरीची लांबी तीच ठेवा. मिनिटभर थांबून तीच फ्लाय दोनदा तशीच फिरवा. आला नाही तर ८ नंबरची काळपट, पाण्याखाली चालणारी बारीक फ्लाय बांधा. एकदा उठलेला मासा लहान आणि गडद फ्लायवर परत येण्याची शक्यता खूप असते, आणि बल्कलीवर हे पुन्हापुन्हा दिसतं. मोठी फ्लाय बांधण्याची घाई इथेच नडते.

पाणी पाच ते आठ अंशांच्या मधे असलं की तरंगती दोरी तशीच ठेवून फ्लाय वीतभर खाली न्यायची. यासाठी आमच्या डब्यात कायम असते ती ग्रीन बट स्कंक. हातात घेऊन बघा: लाल पिसाची छोटी शेपटी, तिच्यापुढे झगझगीत हिरव्या लोकरीचे दोन वेढे, मग काळ्या शेनीलचं (मखमली धाग्याचं) अंग आणि त्यावर चंदेरी तार, गळ्याशी काळं पीस, वर पांढऱ्या केसांचा पंख. एवढ्या रंगांत काम करतो तो मुख्यतः काळा. मासा खालून आकाशाकडे बघतो, आणि ढगाळ उजेडात काळ्याइतकी ठळक आकृती दुसऱ्या कुठल्या रंगाची उमटत नाही. म्हणून पहाटे, संध्याकाळी आणि गढूळ पाण्यात काळी किंवा जांभळी, तीही एक माप मोठी. उन्हात आणि आरशासारख्या पाण्यात ६ किंवा ८ नंबरची, कमी पिसांची. लीडर (दोरी आणि फ्लाय यांच्या मधला बारीक धागा) दहा-बारा फूट, टिपेट दहा ते बारा पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारं. प्रत्येक फेकीनंतर एक मीटर खाली सरकायचं.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर पारा पाचच्या खाली गेला की मासा आळसावतो. तो फ्लायमागे दूरवर येत नाही, फ्लाय त्याच्या नाकासमोर न्यावी लागते. टी-११ या वजनी, बुडणाऱ्या दोरीचा दहा फुटांचा तुकडा टोकाला लावायचा. ती दर फुटाला ११ ग्रेन (सुमारे ०.७ ग्रॅम) वजनाची असते. फ्लाय सात-आठ सेंटिमीटरची, इंट्रूडर जातीची. इंट्रूडरची मेख अशी की पुढे आणि मागे केसांचे दोन झुपके असतात आणि मधे जवळजवळ काही नसतं. त्यामुळे आकार मोठा दिसतो, पण ती पाणी फार धरत नाही आणि फेकायला जड जात नाही. सगळ्यांत जास्त होणारी चूक लीडरची. वजनी टोकापुढे नऊ फुटांचा लीडर लावला तर टोक बुडतं आणि फ्लाय मात्र वर तरंगत राहते. तीन ते चार फूट पुरे, पण बारा ते पंधरा पौंडी.

या फ्लायला मागे छोट्या दोरीवर लोंबणारा हुक असतो. ही दोरी मऊ असेल तर तो फ्लायच्या दांड्याभोवती गुंडाळतो, आणि मग अर्धा तास तुम्ही नुसतं पाणी कापत बसता. दर पाच-सहा फेकींनंतर हातात घेऊन बघा. हुक पिसांच्या फार मागे ठेवू नका, नाहीतर तो माशाच्या जिभेपर्यंत किंवा डोळ्यापर्यंत जातो. टोक नखावर घासून बघायचं: घसरलं तर धार लावा, अडकलं तर चालेल. आणि दोरी खेचली गेली तरी लगेच रॉड वर ओढू नका. मासा तुमच्या सरळ खाली असतो, वर ओढलं की फ्लाय तोंडातून निसटते. रीलवरून दोरी सुटू लागू द्या, मग रॉड खाली ठेवूनच काठाच्या दिशेनं वळवा.

इथे एकच, उलटा काटा नसलेला हुक चालतो, खाद्याच्या आमिषाला बंदी आहे, आणि नदीतच नैसर्गिकरीत्या जन्मलेला स्टीलहेड पकडला की सोडावाच लागतो. व्हँकुव्हर-सरेमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना प्रांतातले रहिवासी म्हणून परवाना सोपा आहे. भारतातून येणाऱ्यांनी मात्र त्या वर्षीची नियमावली आधी वाचावी, कारण गाइडशिवाय आलेल्या परदेशी पाहुण्यांना हंगामात शनिवार-रविवार बल्कलीवर फ्लाय टाकता येत नाही. स्कीनाच्या मुखाशी टायी इथे १९५० च्या दशकापासून जाळं टाकून मासे मोजतात. २०२१ साली तो आकडा आजवरच्या नीचांकावर आला आणि हंगाम मधेच बंद करावा लागला. हे लक्षात ठेवून मासा हाताळा. त्याला पाण्याबाहेर उचलू नका, हात ओले करा, हुक चिमट्यानं काढा. खोल गेला असेल तर दोरी कापा. मादीच्या पोटात पुढच्या वसंताची अंडी असतात.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्या दिवशीच्या ओल्या फ्लाय बंद डब्यात परत ठेवू नका. हुक गंजतात, आणि गंज आजूबाजूच्या कोरड्या फ्लायनाही लागतो. टॉवेलवर पसरा, सकाळपर्यंत सुकतात. टिपेटवर बोटं फिरवा: वाऱ्यानं पडलेली एखादी बारीक गाठ लागली तर तो तुकडा कापून टाका, कारण अशा गाठीनं दोरीची ताकद निम्म्यावर येते. उद्या पहाटे अंधारात, थंडीनं गारठलेल्या बोटांनी ती सापडणार नाही.